व्हेंटलेस गॅस लॉग्ज बसवावेत का? नियम, सुरक्षितता आणि तुमचे अनुभव

रानजाई
नमस्कार मंडळी,
अटलांटाजवळ अल्फारेटाला आम्ही गेल्या जूनमध्ये घर घेतलं, १९९८ चं बांधकाम आहे. फॅमिली रूममध्ये फायरप्लेस आहे आणि आधीच्या मालकांनी त्यात गॅस लॉग्ज (ओंडक्यांसारखी दिसणारी सिरॅमिकची लाकडं आणि खाली गॅसचा बर्नर) बसवून ठेवलेत. दिसायला फार सुंदर, संध्याकाळी लावलं की लेक पांघरूण घेऊन समोर येऊन बसते. पण ऊब म्हणाल तर नावापुरती. गुडघे शेकतात आणि पाठ गारच राहते. सगळी ऊब धुरांड्यातून वर जाते आणि गॅसचं बिल आम्ही भरतो.

शेजारच्यांनी सांगितलं की व्हेंटलेस लॉग्ज घ्या, त्यांना चिमणी लागतच नाही, सगळी उष्णता खोलीतच राहते. म्हणून दुकानात जाऊन आलो. ताशी ३३,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) सेट दाखवला, शनिवारी येऊन तासाभरात बसवून देतो म्हणाले, परमिटची काही भानगड नाही म्हणाले. तिथेच मला जरा खटकलं.

डिसेंबरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, सासूबाईंना दमा आहे. लेक चार वर्षांची. तर ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी सांगा, नियम काय असतात, काय बघून घ्यायचं, आणि मुळात घ्यावं का. अजून एक, नवरा म्हणतोय नवीन घ्यायचंच कशाला, आहेत त्याच लॉग्जचा डँपर, म्हणजे धुरांड्याची झडप, बंद करून टाकू म्हणजे ऊब आतच राहील. तसं चालतं का?

थर्मोकपल
बाकी सगळं नंतर लिहितो, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. अजिबात नाही. आज रात्रीसुद्धा नाही.

तुमच्याकडे आत्ता आहेत ते व्हेंटेड लॉग्ज, म्हणजे धूर चिमणीतून बाहेर सोडणारे. त्यांची ज्योत मुद्दाम पिवळी, उंच आणि लाकडांना चाटत जाणारी ठेवलेली असते, कारण खऱ्या लाकडासारखं दिसायला हवं. अशी ज्योत गार पृष्ठभागावर आपटली की जळण अर्धवट होतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो वर निघून जातोय म्हणून ते सुरक्षित आहे. डँपर बंद केलात तर तोच वायू खोलीत येणार. डँपरच्या पात्याला एक छोटा लोखंडी क्लॅम्प लावलेला असेल, तो पाता पूर्ण मिटू नये म्हणूनच असतो. नसेल तर आधी तो लावून घ्या.

शेवंती
थर्मोकपल +१. रानजाई, प्लीज नवऱ्याला हा प्रतिसाद दाखव.

गुळपोळी
पण गॅसचा वास आला की कळतंच ना? आपण लगेच बंद करू शकतो की.

थर्मोकपल
@गुळपोळी, हा गैरसमज खूप जणांचा असतो म्हणून सविस्तर लिहितो. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून गॅस कंपनी त्यात मरकॅप्टन मिसळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचा. पण गॅस जळल्यावर तो वासही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, काही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि माणसाला वाटतं फ्लू झाला. झोपेत असेल तर तेवढंही कळत नाही.

आता मूळ प्रश्न. मी गेली बारा वर्षं हीटिंग-कूलिंगच्या डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

व्हेंटलेस लॉग्जना नियमांच्या भाषेत 'अनव्हेंटेड रूम हीटर' म्हणतात आणि ते एएनएसआय (अमेरिकेची मानक संस्था) झेड २१.११.२ या मानकाखाली तपासलेले असतात. नुसते शोभेचे व्हेंटेड लॉग्ज झेड २१.६० खाली येतात. बर्नरच्या नळीला किंवा साखळीला एक धातूची पट्टी अडकवलेली असते, त्यावर हा नंबर असतो. जॉर्जियात इंटरनॅशनल फ्युएल गॅस कोड लागू आहे, तो अशा हीटरबद्दल मोजक्याच पण स्पष्ट गोष्टी सांगतो. एकच हीटर ४०,००० बीटीयूपेक्षा मोठा नको. घर गरम करण्याचं एकमेव साधन म्हणून वापरायचा नाही, म्हणजे फर्नेस (घरभर गरम हवा पुरवणारी यंत्रणा) हवाच. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये मनाई, अपवाद फक्त भिंतीवरच्या छोट्या हीटरचा, बेडरूमला १०,००० आणि बाथरूमला ६,००० बीटीयूपर्यंत, म्हणजे लॉग्ज तिथे बसतच नाहीत. आणि खोलीच्या दर घनफुटामागे २० बीटीयूपेक्षा जास्त नको.

रानजाई, तुमच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची सांगा, हिशोब करून बघू.

टोरंटोचा_टिल्लू
आमच्याकडे कॅनडात घरात हे बसवायला परवानगीच नाही. त्यामुळे आमचा प्रश्न मिटला.

पाऊलवाट
कॅलिफोर्नियातही नाही. फ्रीमॉन्टला घर घेतलं तेव्हा मी पण ऑनलाइन बघत होते, एक सेट कार्टमध्ये टाकला आणि पत्ता भरल्यावर साइटच म्हणाली तुमच्या राज्यात पाठवता येत नाही. मग शोधलं तर कळलं, घरात वापरायचे अनव्हेंटेड हीटर विकायलाच कायद्याने बंदी आहे, इलेक्ट्रिक आणि चिमणीत बसवायचे शोभेचे लॉग्ज तेवढे सोडून. न्यूयॉर्क शहरातही बंदी आहे. त्यामुळे शेजारच्या राज्यात चालतं म्हणून आपल्याकडे चालतं असं धरून चालू नका, आपल्या काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला एक फोन करा.

निवांत_नाना
मी थोडी दुसरी बाजू मांडतो. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो, आमच्याकडे व्हेंटलेस लॉग्ज नऊ वर्षं आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज गेली ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. फर्नेस गॅसचा असून काय उपयोग, पंखा विजेवर. घरात ४१ डिग्री फॅरनहाइटपर्यंत तापमान उतरलं होतं. हे लॉग्ज मात्र चालले, कारण त्यांना वीज लागतच नाही, पायलटच्या (सतत जळणाऱ्या छोट्या) ज्योतीवर एक थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेवर वीज तयार करणारा भाग, तापतो आणि त्याच्याच मिलिव्होल्टवर व्हॉल्व उघडतो. आम्ही चौघं आणि शेजारचे दोघं म्हातारे एकाच खोलीत झोपलो. त्या आठवड्यात लोकांनी घरात कोळशाच्या ग्रिल पेटवल्या, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या आणि जिवानिशी गेले. आमच्यासाठी हे लॉग्ज देवासारखे धावून आले, एवढं मी मनापासून सांगतो.

शेवंती
नाना, तुम्ही सगळे सुखरूप राहिलात हे वाचून बरं वाटलं. पण झोपलात तेव्हा लॉग्ज चालू ठेवून झोपलात का?

निवांत_नाना
नाही, रात्री आळीपाळीने एकजण जागा असायचा. दोन-तीन तास लावायचं, मग बंद करायचं, खिडकी एक इंच उघडी ठेवायची. मॅन्युअलमध्येच लिहिलंय की झोपताना चालू ठेवू नका. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवरचा होता म्हणून चालू होता, हे महत्त्वाचं.

मेथीचा_लाडू
आमचा अनुभव वेगळा आहे, लिहिते. ओहायोला, कोलंबसच्या बाहेर. नवीन घर, २०१७ चं बांधकाम, अगदी घट्ट बांधलेलं. व्हेंटलेस लॉग्ज बिल्डरकडूनच बसवून घेतले. पहिल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तीन-चार तास लावायचो, इतकी छान ऊब की फर्नेस लागायचाच नाही.

जानेवारीत उत्तरेकडच्या बेडरूमचा पडदा धुवायला काढला तर खालची किनार काळी पडलेली. आधी वाटलं धूळ. मग खिडकीच्या चौकटीकडे बघितलं तर तळाशी पाणी साचलेलं, कागदाचा बोळा टाकला तर पूर्ण भिजला. लाकडी पट्टी बोटाने दाबली तर मऊ लागली. पलंगाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके, तळहाताएवढा पट्टा. आम्ही छत गळतंय समजून रूफरला बोलावलं. त्याने वर जाऊन बघितलं, काही नाही म्हणाला, खाली आला आणि फायरप्लेसकडे बघून विचारलं हे किती तास लावता.

फायरप्लेस एका टोकाला आणि बुरशी घराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या डोक्यातच आलं नसतं.

थर्मोकपल
मेथीचा_लाडू, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी आहे असं मला वाटतं, कारण लोक फक्त कार्बन मोनॉक्साइडचा विचार करतात आणि पाण्याचा करत नाहीत.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा एक भाग जळला की वाफेचे दोन भाग तयार होतात. १,००,००० बीटीयू गॅस जाळला की साधारण सव्वाचार लिटर पाणी. म्हणजे ३०,००० बीटीयूचे लॉग्ज तीन तास चालवले तर पावणेचार लिटर, दुधाचा एक गॅलनचा कॅन असतो ना, तेवढं पाणी रोज संध्याकाळी वाफ करून घरात सोडल्यासारखं. ती वाफ सगळ्या घरात फिरते आणि जिथे सगळ्यात गार काच किंवा भिंत सापडेल तिथे पाणी होऊन बसते. म्हणून बुरशी उत्तरेच्या खोलीत.

जुन्या घरांना फटी असायच्या, वाफ निघून जायची. आताचे नियम थंड प्रदेशात ५० पास्कल दाबाच्या चाचणीत घरातली हवा ताशी ३ वेळांपेक्षा जास्त बदलेल इतकी गळती चालवून घेत नाहीत. घर जितकं घट्ट तितकं हे प्रकरण वाईट. जाहिरातीत ९९ टक्के कार्यक्षमता लिहितात ती खोटी नाहीये, उष्णता खरंच खोलीत राहते. पण तिच्याबरोबर जे जे जळून तयार होतं तेही सगळं खोलीतच राहतं, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही.

डेन्व्हरकर
उंचीवर राहणाऱ्यांसाठी एक. आम्ही ५,२८० फुटांवर. मी घ्यायला निघालो होतो, मॅन्युअल आधी डाउनलोड करून वाचलं तर त्यात ४,५०० फुटांच्या वर बसवू नका असं स्पष्ट होतं. हवा विरळ, पायलट आपोआप विझतो म्हणे. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं.

तिखटमीठ
तो पायलट विझतो ते ऑक्सिजन सेन्सरमुळे का? तो असतो म्हणजे सुरक्षितच ना? आमच्या सेल्समनने तर तोच मुद्दा धरून ठेवला होता, की हवेत काही गडबड झाली की आपोआप बंद.

थर्मोकपल
ऑक्सिजन कमी झाला की बंद, हे बरोबर. 'हवेत काही गडबड झाली की' हे चूक.

त्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर वगैरे काही नसतं. पायलटची ज्योत एका थर्मोकपलच्या (तापला की थोडी वीज देणाऱ्या तारेच्या) टोकावर अचूक लागेल अशी बसवलेली असते. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो कमी होत १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत लांबते, जागेवरून उचलली जाते, थर्मोकपल गार पडतो, व्होल्टेज उतरतं आणि व्हॉल्व मिटतो. नियम असा की १८ च्या खाली जाईपर्यंत वाट बघता कामा नये. साधी आणि हुशार युक्ती आहे, मला स्वतःला आवडते. पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. एखादं सिरॅमिकचं लाकूड इंचभर सरकलं आणि मुख्य ज्योत त्यावर आपटायला लागली, तर खोलीत भरपूर ऑक्सिजन असतानाही कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो आणि पायलट शांतपणे जळत राहतो. नायट्रोजन डायऑक्साइड तर नीट जळतानाही तयार होतो. बाहेरच्या हवेसाठी ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने) त्याची तासाभराची मर्यादा १०० पीपीबी (अब्ज भागांत १०० भाग) ठेवलीय, आणि दम्याच्या माणसांना श्वासनलिकेला त्रास देणारा हाच वायू. रानजाई, सासूबाईंचं तुम्ही लिहिलंत म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

कोपरखळी
थर्मोकपल यांच्या आयडीचं आज सार्थक झालं :)

खडूफळा
लाकूड सरकण्यावरून. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाईंनी लॉग्ज उचलून खालची धूळ पुसली आणि चांगल्या मनाने परत ठेवले, पण वरचं आडवं लाकूड उलटं ठेवलं गेलं. चार दिवसांत मँटलच्या, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीच्या, वरची भिंत करडी. आम्ही वर एक फोटोफ्रेम लावली होती, ती काढली तर तिच्यामागे पांढराशुभ्र चौकोन आणि भोवती सगळं मळकं. तेव्हा कळलं की तेच आम्ही श्वासातून आत घेत होतो. मॅन्युअलमधलं लॉग्जच्या मांडणीचं चित्र आता झेरॉक्स काढून फायरप्लेसच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. प्रत्येक लाकडाच्या खाली खाच असते आणि जाळीवर खिळ्यासारखी पिन, ते एकमेकांत बसलंच पाहिजे. शोभेसाठी जास्तीचे दगड, पाइनची फळं वगैरे काही टाकायचं नाही.

गुळपोळी
अवांतर विचारते, पण उदबत्ती आणि निरांजनाचं काय? आमचा देवाचा कोनाडा फॅमिली रूममध्येच आहे.

मेथीचा_लाडू
अवांतर नाही गं, अगदी बरोबर प्रश्न आहे. मॅन्युअलमध्ये मेणबत्त्या आणि अगरबत्तीबद्दल लिहिलेलं असतं. खोलीतली हवाच त्या ज्योतीतून फिरत असते, त्यामुळे हवेत जे असेल ते जळतं. उदबत्तीचा धूर, रूम फ्रेशनर, नवीन रंगाचा वास, फोडणीची तेलकट वाफ, कुत्र्याचे केस. आमच्याकडे मिरच्यांचा ठेचा परतला आणि तासाभराने लॉग्ज लावले की असा काही उग्र वास सुटायचा, घशाला लागायचा. आधी वाटायचं लॉग्ज बिघडलेत.

निवांत_नाना
हे खरं आहे. आम्ही दरवर्षी ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंग करून घेतो. पायलटच्या नळीला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकतं, मग ज्योत निळीऐवजी पिवळी आणि मऊ होते आणि पायलट सारखा विझतो. तो विझतोय म्हणून काही लोक तार जोडून सेन्सर बायपास करतात असं आमच्या टेक्निशियनने सांगितलं. कोणीही असं कधीही करू नका. तो भाग दुरुस्तही करायचा नसतो, अख्खा बदलायचा असतो.

रानजाई
बापरे, दोन दिवसांत किती लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून धन्यवाद. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला. काल रात्री त्याने टॉर्च घेऊन डँपर बघितला, क्लॅम्प आहे, जागेवर आहे.

खोली १६ फूट बाय १४ फूट, उंची ८ फूट. किचनकडे मोठी कमान आहे, दार नाही.

थर्मोकपल
१६ गुणिले १४ गुणिले ८ म्हणजे १,७९२ घनफूट. गुणिले २० म्हणजे ३५,८४०. तुमचा सेट ३३,००० चा, म्हणजे कागदावर बसतो. कमानीला दार नसल्याने किचनची जागाही धरता येईल. पण हा कमीत कमी जागेचा नियम आहे, आरामाचा नाही. इतक्या खोलीत ३३,००० म्हणजे अर्ध्या तासात तुम्ही खिडकी उघडायला उठाल.

आता खरा प्रश्न. तुमची फायरप्लेस विटांची आहे की पत्र्याची पेटी? १९९८ चं अटलांटाचं घर म्हणजे बहुतेक पत्र्याची असणार, आत विटांसारखे दिसणारे पॅनेल लावलेले असतात. तशा पेटीत व्हेंटलेस लॉग्ज टाकायचे असतील तर ती पेटी यूएल (सुरक्षा तपासणारी अमेरिकन संस्था) १२७ मानकानुसार खास त्यासाठी तपासलेली आणि तसं लेबल लावलेली हवी. लाकडासाठी बनवलेल्या पेटीची भिस्त बरीचशी उष्णता वर जाण्यावर असते. लोखंडी जाळीचा पडदा बाजूला सरकवा, आत वरच्या किंवा बाजूच्या कडेला पत्र्याची पट्टी असेल, ती वाचा.

तिखटमीठ
मँटलचंही बघा. व्हेंटलेसमध्ये सगळी उष्णता पुढे येते त्यामुळे लाकडी मँटल जास्त तापतो, किती अंतर हवं ते प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि वरती पत्र्याचं हूड लावायला सांगतात. आमचा टीव्ही मँटलवर होता, हलवावा लागला.

पाऊलवाट
आणि 'परमिट लागत नाही' म्हणणाऱ्याकडून बसवून घेऊच नका. गॅसची नवी जोडणी म्हणजे परमिट आणि तपासणी बहुतेक ठिकाणी लागतेच. उद्या आग लागली तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारणार. माझ्या भावाकडे बॉस्टनजवळ परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरशिवाय कोणी गॅसला हातच लावू शकत नाही.

जोडणीत काय बघायचं ते त्याच्या गॅसफिटरने दाखवलं होतं: उपकरणाच्या जवळ, ६ फुटांच्या आत हाताने बंद करता येईल असा कॉक, त्याच्या पुढे खाली लोंबणारा आंधळा पाइपचा तुकडा, ज्यात कचरा आणि पाणी साचतं, आणि लवचीक नळी भिंतीतून किंवा फायरप्लेसच्या पत्र्यातून आरपार नेलेली नको, तिथे पक्का पाइपच हवा. सगळं झाल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, आपल्यासमोर.

डेन्व्हरकर
प्रोपेन आणि नैसर्गिक गॅसचे सेट वेगवेगळे असतात हेही लिहा कुणीतरी. एकाचा दुसऱ्यावर चालवायचा नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून वास घ्यायचा तर वाकून घ्यायचा.

रानजाई
पट्टी सापडली!

जाळीचा पडदा सरकवला, आत डावीकडे वरच्या कोपऱ्यात काजळीने पूर्ण काळी झालेली पट्टी होती, बघून कळलंही नसतं की काही लिहिलंय. ओल्या फडक्याने पुसली, दोन फडकी गेली. अक्षरं हळूहळू वर आली. मॉडेल नंबर, यूएल १२७, आणि खाली एक ओळ: या फायरप्लेसमध्ये अनव्हेंटेड गॅस लॉग सेट वापरू नका. एवढं स्पष्ट. मी फोटो काढला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. शनिवारी तासाभरात बसवून देतो म्हणणाऱ्याने हा पडदा सरकवूनसुद्धा बघितला नव्हता. घरी आला होता तो मोजमापं घ्यायला.

शेवंती
अंगावर काटा आला वाचून. बरं झालं विचारलंस.

निवांत_नाना
संपला विषय मग. मी नऊ वर्षं वापरतोय आणि मला आवडतात, पण आमची विटांची फायरप्लेस आहे, घर जुनं आणि हवेशीर आहे, दमा कुणाला नाही. तुमच्याकडे यातलं एकही नाही. नको घेऊ, मुली.

मेथीचा_लाडू
आम्ही शेवटी व्हेंटलेस काढून डायरेक्ट व्हेंट घेतलं. त्यात समोर काच पूर्ण बंद असते, एका नळीने बाहेरची हवा आत येते, दुसरीने धूर बाहेर जातो, खोलीतल्या हवेचा संबंधच नाही. ऊब व्हेंटेडपेक्षा कितीतरी जास्त, व्हेंटलेसपेक्षा थोडी कमी. दुसऱ्या हिवाळ्यात खिडक्या कोरड्या. खर्च बराच जास्त आला हे खरं. तुझ्या जुन्या पेटीत इन्सर्ट (आत सरकवायचा तयार संच) बसतो का ते दोन्हीकडच्या मॅन्युअलवरून बघून घे.

लेक लहान आहे म्हणून एक सांगते, ती काच भयंकर तापते. २०१५ पासूनच्या मॉडेल्सना १७२ डिग्री फॅरनहाइटच्या वर काच जात असेल तर जाळीचा अडसर लावूनच विकतात. ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढू नकोस. बंद केल्यावरही बराच वेळ काच गरम राहते.

खडूफळा
इलेक्ट्रिकचाही विचार करा. साध्या प्लगवरचा १,५०० वॉटचा म्हणजे जेमतेम ५,१०० बीटीयू, घर तापणार नाही, पण सोफ्यावरची दोन माणसं नक्की उबदार राहतील. ज्वाळा हल्ली बऱ्या दिसतात. गॅसची कटकट नाही.

थर्मोकपल
तोपर्यंत जे आहेत ते व्हेंटेड लॉग्ज वापरायला हरकत नाही, चिमणी एकदा तपासून घ्या आणि डँपर उघडा. एक गोष्ट मात्र: किचनचं मोठं हूड आणि फायरप्लेस एकाच वेळी लावू नका. जोरदार हूड घरातली हवा इतकी ओढतं की धुरांड्यातली हवा उलटी खाली येते, आणि तुमचं किचन तर कमानीपलीकडेच आहे. ४०० सीएफएमच्या (मिनिटाला ४०० घनफूट हवा ओढणाऱ्या) वरच्या हूडला बाहेरून हवा आणायची सोय लागते ती यासाठीच.

आणि अलार्म. कोणतंही गॅसचं उपकरण असो, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. पण त्याची मर्यादाही समजून घ्या. यूएल २०३४ प्रमाणे तो ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक ते चार तासांनी वाजतो, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे ४० पीपीएममध्ये संध्याकाळभर डोकं धरून बसलात तरी तो गप्पच राहू शकतो. घरात लहान मूल आणि दम्याचं माणूस असेल तर आकडा दाखवणारा, कमी पातळीचाही मॉनिटर घ्या. वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, सगळे बाहेर, आणि बाहेरून ९११.

गुळपोळी
अलार्मला एक्स्पायरी असते का?

थर्मोकपल
असते. मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं. आतला सेन्सर म्हातारा होतो. टेस्टचं बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच, सेन्सर जिवंत आहे असं नाही. मागे तारीख छापलेली असते.

रानजाई
ठरलं आमचं. व्हेंटलेसची ऑर्डर रद्द केली, दुकानाने ॲडव्हान्स परत दिला. डायरेक्ट व्हेंट इन्सर्टसाठी दोघांकडून कोटेशन मागवलंय, दोघांनाही फोनवर आधी पट्टीवरचा मॉडेल नंबर सांगितला. एकजण लगेच म्हणाला परमिट आम्ही काढतो, इन्स्पेक्टर येऊन बघून गेल्याशिवाय चालू करून देणार नाही. त्यालाच देऊ असं वाटतंय. सासूबाई येईपर्यंत झालं तर उत्तम, नाही तर यंदा फर्नेस आणि गोधड्या.

थर्मोकपल, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून जिन्याजवळचा अलार्म उतरवला. बटण दाबलं की व्यवस्थित वाजतो तो. मागे छापलंय, २०१३ मध्ये बनवलेला.

गुळपोळी
आमचा २०११.

कोपरखळी
मी आत्ता स्टूल आणायला चाललोय.